लुगड्यात सापडलेली मिरगी

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बेशुद्ध बाईनं माझ्या थोबाडीत मारली.

त्याचं असं झालं. मेडिकल स्कूलमध्ये आम्हाला एक परीक्षा शिकवली होती. झटका येऊन पडलेला रोगी खरोखर बेशुद्ध आहे का हे पाहायचं असेल, तर त्याचा हात उचलायचा, त्याच्याच तोंडावर धरायचा आणि सोडून द्यायचा. बेशुद्धी पुरी असेल तर हात धपकन नाकावर पडतो. नसेल तर आपसूक बाजूला वळतो, कारण स्वतःचं नाक फोडून घेण्याची हौस कुणालाच नसते. मी हात उचलला, निकाल नीट दिसावा म्हणून तिच्या तोंडावर वाकलो, आणि हात सोडला. हात तिच्या नाकावर पडला नाही. मोकळ्या जागेतही पडला नाही, कारण त्या जागेत माझा गाल होता. चष्मा उडून खाटेखाली गेला. तो शोधायला मी ओणवा झालो, तेव्हा वरून आमचे कंपाउंडर करीमभाई अगदी गंभीरपणे विचारत होते, "डाक्टरसाब, किताब में इसका क्या नतीजा लिखा है?"

पुस्तकात काहीच लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात काय काय लिहिलेलं नसतं, ते शिकण्यातच माझी पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

या अंकाच्या संपादकांनी मला "आपल्या वैद्यकीय यशाच्या काही हकीकती" मागितल्या आहेत. यशाच्या हकीकती एका पोस्टकार्डावर मावतील आणि वर पत्ता लिहायलाही जागा उरेल. फजित्या मात्र भरपूर आहेत. त्यांतली एक मी निवडली आहे, कारण तिचा मला चक्क अभिमान वाटतो. फजितीचा अभिमान कसा, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

नागपुरात, इतवारीच्या पलीकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत, एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे मी डॉक्टर. वस्ती सगळी विणकरांची. घराघरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, पाय बदलत आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे फेकणारा, आणि दिवसभर खटक-खटक. सकाळी गल्लीतून सायकल न्यायची म्हणजे परीक्षाच. लुगड्याचे उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बायामाणसं त्यांना खळ लावत असायची. रुजू झालो त्याच आठवड्यात मी घंटी वाजवत, ऐटीत, सायकलसकट अशा एका ताण्यात शिरलो. पाहतो तर मी माश्यासारखा जाळ्यात, आणि समोर हातात खळीचा कुंचा घेतलेली एक उभी, काळी, सडसडीत म्हातारी.

"काहून गा, डोये हायेत का बटनं? तीन दिवसाचं काम होतं थे!"

"मी दवाखान्यातला नवा डॉक्टर."

"मंग त बरं झालं. जवळच हाय दवाखाना. आधी सोताचेच डोये तपासून घ्या जी."

ही सखुबाई. तुटलेले धागे तिनं आणि तिच्या सुनेनं दुपारपर्यंत एकेक करून जोडले. मी माफी मागायला गेलो तर म्हातारीनं गुळाचा चहा पाजला आणि म्हणाली, "डाक्तर, धागा तुटला तं जोडता येते. तुमच्या धंद्यात काय करतेत?" मी तिला काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो.

तिच्या घरी तीन माणसं. ती, मुलगा लक्ष्मण आणि सून भागीरथी. माग एकच. लक्ष्मण हा वस्तीतला नावाजलेला हात. त्याच्या लुगड्याचा पदर पाहायला दुकानदार स्वतः गल्लीत येत. तो जेवायला, बाजारात गेला की तेवढ्या वेळात भागीरथी मागावर बसे आणि मधलं साधं अंग विणे. म्हातारी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरी आणि दोघांवर तोंड सोडी.

एका रविवारी मला तिथून बोलावणं आलं. लक्ष्मण पडला होता.

काय सांगू! इतका जोरकस झटका मी तोवर पाहिला नव्हता. पाठीची कमान झालेली, हातपाय चारी दिशांना, डोकं या कानापासून त्या कानापर्यंत हलतंय, डोळे गच्च मिटलेले, मध्येच आरोळी. चार माणसं धरून होती आणि चौघंही घामाघूम. एवढ्यात थांबेल, तेवढ्यात थांबेल म्हणत पाव तास गेला. मग एकाएकी शांत झाला, डोळ्यांत पाणी आलं, उठून बसला आणि पाणी प्यायला. मी खिशातून वही काढली आणि ठणठणीत अक्षरात लिहिलं, "मिरगी." शंका घ्यायचं कारणच नव्हतं. एक तर झटका केवढा मोठा! दुसरं म्हणजे रोगी पुरुष. हिस्टेरिया हे बायकांचं दुखणं, असं आम्हाला शिकवलेलं. मी झटके दाबणाऱ्या ब्रोमाइडची मोठी बाटली भरून दिली.

महिन्याभरानं भागीरथी. तीही माझ्या डोळ्यांदेखतच. लक्ष्मणची बाटली न्यायला ती सासूबरोबर दवाखान्यात आली होती. बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहत होती, पण मी तिथे नसल्यासारखी. ओठ चाटल्यासारखे हलत होते, उजव्या हाताची बोटं पदराची कड चाचपत होती. मी "काय होतंय?" विचारलं तर "हो" म्हणाली. पडली नाही, ओरडली नाही, बाकड्याला धरून उभीच. मी लगेच अमोनियाची बाटली तिच्या नाकाशी धरली. तिनं मोठा श्वास घेतला, भानावर आली आणि रडू लागली.

झालं! बेशुद्ध माणूस उभं राहतं का? "हो" म्हणतं का? नाकाशी बाटली धरताच बरं होतं का? शिवाय नवऱ्याचं कौतुक चाललेलं पाहून बायकोलाही... मी सखुबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या सुनेला काही आजार नाही. मनाचे खेळ आहेत. नवऱ्याचं पाहून करते. तुम्ही लक्ष देऊ नका. झटका आला की कुणी धावायचं नाही, गोळा व्हायचं नाही. पाहणारं नसलं की आपोआप थांबेल."

आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. पण त्या दिवशी मी करीमभाईंना वर व्याख्यानही दिलं. म्हटलं, "पाहिलंत? अमोनिया म्हणजे कसोटीचा दगड." करीमभाई बाटलीला बूच लावत म्हणाले, "साब, गाड़ी तो अपने टाइम पे ही छूटती है. झंडी हिलानेवाला समझता है, मैंने छोड़ी." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. डॉक्टर मी होतो.

इथे वाचकांना थोडं समजावून सांगितलं पाहिजे. मिरगी हा मेंदूचा आजार. मेंदूतली एक जागा अचानक भडकते. कधी आग सगळ्या घराला लागते, मग माणूस लाकडासारखा ताठ होऊन पडतो, डोळे उघडे राहतात, अंगाला ठेक्यात हिसके बसतात, जीभ कडेला चावली जाते, कपडे ओले होतात आणि नंतर तासभर डोकं जड राहतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. कधी कधी मात्र आग एकाच कोपऱ्यात धुमसते, तेव्हा माणूस उभाच असतो, पण घरात नसतो. दुसरा प्रकार मनाच्या ओझ्याचा. जे तोंडानं बोलता येत नाही ते अंगावाटे बाहेर पडतं. त्यात डोळे बहुधा मिटलेले, हातपाय बिनठेक्याचे, झटका लांबलचक, कमी-जास्त होत राहणारा, आणि शेवटी बरेचदा रडू. एकही लक्षण एकटं घेऊन निकाल द्यायचा नसतो. सगळी मिळून पाहायची असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा दुसरा प्रकारही सोंग नव्हे. त्या माणसाच्या हातात तो नसतो. हे शेवटचं वाक्य मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. ते मी एका ओसरीवर, एका कोष्ट्याकडून शिकलो, आणि त्याची फी भागीरथीनं भरली.

वरची लक्षणं पुन्हा एकदा वाचा आणि माझ्या दोन रोग्यांना लावून पाहा. तुम्ही डॉक्टर नसूनही तुम्हाला दिसलं ना? मला चार महिने दिसलं नाही.

चार महिन्यांनी, सकाळी दवाखाना उघडतो तर पायरीवर सखुबाई. शेजारी भागीरथी, डावा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. खळ शिजवताना चुलीपुढे पडली होती, हात निखाऱ्यात. मी फडकं सोडलं. तळहात आणि शेवटची दोन बोटं... जाऊ दे. विणकराचा हात होता, एवढं सांगतो.

"कुणीच नव्हतं का घरी?"

"होतो ना जी," सखुबाई म्हणाली. "मी ओसरीवर होती. पडल्याचा आवाज आयकला. तुमी म्हनलं होतं ना, धावाचं नाही. मी बसून राहिली. मंग वास आला."

एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हात बांधून झाल्यावर मी पहिल्यांदाच एक गोष्ट केली, जी चार महिन्यांपूर्वी करायला हवी होती. म्हटलं, "भागीरथी, जीभ दाखव." जिभेच्या उजव्या कडेला ताजी जखम होती. तिच्या मागे एक जुना, भरून आलेला व्रण.

मी खुर्चीत बसलो. तेव्हा सखुबाईनं काखेतलं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत एक नऊवारी लुगडं होतं, घडी न मोडलेलं.

"तुमचा कागद काय सांगते थे मले मालूम हाय. आता माहा कपडा काय सांगते थे पाहा."

तिनं लुगडं खिडकीशी नेलं, उजेडासमोर ताणलं आणि बोट ठेवलं. "इथून इथवर लक्ष्मन्याचं विननं. इथून सुनेचं. पुन्हा लक्ष्मन्याचं."

"तुम्हाला कसं कळतं?"

"हाताचा ठोका. तुमाले अक्षर वयखू येते ना, तसंच." मग ती बोट सरकवत राहिली. "हे पाहा. हे दिसलं? दोन धागे एकाच घरात. पाय बदललाच नाही, धोटा मातर फेकला. एकदा, दोनदा, तीनदा. मंग पुन्हा बराबर. आता हे पुढचं. पुन्हा तसंच. सारे सुनेच्याच हिश्शात. लक्ष्मन्याच्या हिश्शात एक दाखवा."

मी डोळे ताणले. आधी काहीच दिसेना, मग एकदम दिसू लागलं. स्वच्छ विणीत मध्येच एक आडवी, जाडसर रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत.

"डुलकी लागली असेल," मी म्हणालो. अजूनही माझी खोड जात नव्हती.

"डुलकीनं कपडा हयूहयू ढिला पडते. हे एकदमच हाय. पान्याले उठली असन तं विनकर जागा मिटवून उठते. अन् चूक दिसली तं उसवते, कोनतीही बाई उसवीन. हिनं उसवलं नाही. काहून? तिले मालूमच नाही. मागावर हात होते, डाक्तर, बाई नव्हती." तिचा आवाज जरा खाली आला. "मी तिले चार महिने कामचुकार म्हनून राहिली. अन् तुमी म्हनता, लोकाईले दाखवाले करते. घरात कुत्रं नव्हतं हे विनताना. कोनाले दाखवत होती थे?"

त्या वेळी दवाखान्यात दहा-बारा माणसं होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सखुबाई, तुम्ही बरोबर. मी चुकलो." म्हातारी म्हणाली, "मंग लिवा." मी वही काढली, भागीरथीच्या नावापुढचा हिस्टेरिया हा शब्द खोडला आणि "मिरगी" लिहिलं. करीमभाईंनी न सांगता अमोनियाची बाटली उचलून मागच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

परदेशात आता म्हणे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र निघालं आहे. उतरवोत बापडे. आमच्या गल्लीत त्या नऊ वार सुतावर उतरत होत्या, आणि वाचणारीला सहीसुद्धा येत नव्हती.

पण मग लक्ष्मणचं काय? ब्रोमाइडनं त्याचे झटके थांबले नव्हते. तिशीच्या माणसाच्या तोंडावर पुटकुळ्या मात्र आल्या होत्या. दिवसभर पेंगायचा, पदर काढायला घेतला की नक्षी विसरायचा. तरी त्याच्या हिश्शाच्या कपड्यात एकही चूक नव्हती, कारण चूक दिसली की तो उसवत होता. म्हणजे मागावर असताना तो हजर होता. मी वही उघडली आणि त्याच्या झटक्यांच्या नोंदी एकाखाली एक काढल्या. रविवार. रविवार. रविवार. एक दसरा. पुन्हा रविवार.

"करीमभाई, मिरगीला रविवार कसा कळतो?"

"मिरगी को नहीं, साब. मिल को मालूम होता है. इतवार को मिल बंद रहती है."

आणि मला आठवलं. पहिल्या दिवशी त्याला धरणाऱ्या चार माणसांत एक इस्त्रीच्या सदऱ्यातला होता. लक्ष्मणचा मामा. गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला यायचा.

एका दुपारी मी लक्ष्मणला एकट्याला दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर बसवलं. सांगितलं की तुला मिरगी नाही. मला वाटलं, खूश होईल. तो एकदम उठून उभा राहिला.

"म्हंजे मी सोंग करून राहिलो? अंग आंबते माहं, दोन दोन दिवस मान हालत नाही, अन् सोंग?"

मघाशी म्हटलेली ओसरी ती हीच. मी त्याच्या मानेकडे पाहिलं. खरंच सुजली होती. सोंग करणारा मान सुजेपर्यंत करत नाही. म्हटलं, "नाही गा. सोंग नाही. तुझं अंग काहीतरी सांगून राहिलं, अन् मी पाच महिने त्याला बाटली पाजली. बस. मामा आला की काय होतं ते सांग."

तो खाली बसला आणि नखानं फरशी खरवडू लागला. मग म्हणाला, "मामा म्हनते, चाल गिरनीत. आई म्हनते, माह्या जिवंतपनी हा खड्डा बुजनार नाही. दोघं माह्यासमोर भांडतेत. अन् मंग माह्या छातीतून काहीतरी वर येते, अन् मले मंग काही समजत नाही."

"तुला काय पाहिजे?"

"मले?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नसावा. "मले गिरनीत जायचं हाय जी. गिरनीचे माग पाहिले मी. एक मानूस उभ्यानं चालवते. मले थे शिकाचं हाय. पन हे आईले सांगनं म्हंजे..." त्यानं हातानं धागा तोडल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "मी सांगू?"

"तुमी?" तो पहिल्यांदाच हसला. "तुमाले तं थे सायकलसुदिक घालू देत नाही गल्लीत."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम जेवायच्या वेळेला गेलो. मटणाच्या झणझणीत रश्शाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मामा होता, म्हातारी होती, भागीरथी हात गळ्यात बांधून भाकरी वाढत होती. मी लक्ष्मणच्या शेजारी बसलो. मामानं गिरणीचं नाव काढलं, म्हातारीनं पळी आपटली, आणि लक्ष्मणची मान हलू लागली. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "अंगानं नको. तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. तीनच शब्द. "आई, मी जातो." त्या रविवारचा झटका आला नाही. त्या जागी म्हातारीचा आला.

"हे तुले तोंडानं नाही सांगता आलं? पाच महिने जमिनीवर लोयत होता! डाक्तरची बाटली प्याला, तोंडाची पार चाळनी करून घेतली, अन् आईले तीन शब्द नाही सांगता आले?" ती मामावर घसरली, माझ्यावर घसरली, गिरणीच्या कपड्याला कागद म्हणाली. मग पळी खाली ठेवली. मागाकडे पाहत म्हणाली, "जाय. पन मंग इथं कोन बसन?"

"मी बसते," भागीरथी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. एक हात बांधलेला, आजार मिरगीचा. मामा म्हणाला, "हिले तं माहेरी पाठवून द्या आधी. मिरगीवाली बाई कवा विहिरीत जाईन, कवा चुलीत."

"मामाजी, विहीर अन् चूल नको, म्हनून तं मी मागावर बसते म्हनते," भागीरथी भाकरी थापल्यासारख्या शांतपणे बोलली. "खड्ड्यात पाय, समोर कपडा, अंगाभोवती विस्तू नाही, पानी नाही. पडली तं कुठं पडन? कपड्यावरच पडन. या घरात माह्यासाठी याच्याहून चांगली जागा कोनती, डाक्तरनंच सांगावं."

आणि डॉक्टरनं तिकडे कधी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं! मी वाकून खड्डा पाहिला, कड हातानं चाचपली, धोट्याची लोखंडी टोकं पाहिली. ती खरं बोलत होती. चूल सासूनं घ्यायची, पाणी शेजारणीनं भरायचं, मागाच्या कडेला जुन्या चिंध्यांची गादी बांधायची. मी तिथेच कागद काढला आणि औषध लिहिलं. वर मिरगीवरची ल्युमिनलची गोळी, आणि खाली मराठीत, "दिवसभर मागावर बसणे." माझ्या उभ्या नोकरीत मी लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं प्रिस्क्रिप्शन, आणि त्यातला महत्त्वाचा अर्धा भाग रोग्यानं सांगितलेला.

लक्ष्मण गिरणीत गेला. त्याला पुढे एकदाच झटका आला, सुरुवातीला, भोंग्याच्या आवाजानं. तेव्हा मामा नव्हता, कुणीच ओळखीचं नव्हतं. म्हणजे "पाहणारं कुणी नसलं की थांबेल" हाही माझा सिद्धान्त गेला. मी त्याच्याशी दोनदा बोलत बसलो. बाटली दिली नाही. पुन्हा झटका आला नाही.

भागीरथीचा हात बरा व्हायला पावसाळा उलटला. डाव्या हाताची दोन बोटं वाकलेलीच राहिली. ती तळहातानं धोटा ढकलायला शिकली. त्या दोन बोटांबद्दल मला अभिमानाचं काही लिहिता येणार नाही, म्हणून ती इथे नुसती नोंदवून ठेवतो.

पण पुढचं लिहिणार. दर महिन्याला सखुबाई विणून झालेला कपडा दवाखान्यात आणी. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहून तो उजेडासमोर धरत असू. पहिल्या महिन्यात चौदा रेघा. गोळी वाढवली. नऊ. गोळी आणखी वाढवली तर सगळी वीणच ढिली पडली. म्हातारी म्हणाली, "आता झोपेत विनून राहिली." मी गोळी कमी केली. पाच. दोन. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी एकदा तपासणीत विचारलं की या रोग्याच्या झटक्यांची इतकी अचूक मोजणी कशी ठेवलीत? मी म्हटलं, "सर, लुगडं पाहून." त्यांनी मला दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं. पण वस्तीतल्या बायका आता मला सायकलवरून उतरवून गल्लीत घेत, आणि कुणी पडलं की आधी सांगत, "डोये उघडे होते का मिटेल होते, थे पाहून ठेवलं हाय डाक्तर." अख्ख्या नागपुरात अशी गल्ली दुसरी नव्हती.

मी दवाखाना सोडला त्या दिवशी भागीरथीनं मला एक उपरणं आणून दिलं. पांढरं, बारीक सुताचं, लाल काठाचं. "तुमच्यासाठी विनलं जी. एका बैठकीत नाही, पन एका हातचं." तिला तेव्हा तीन वर्षं झटका आला नव्हता.

सवय वाईट. घरी आल्यावर मी ते खिडकीशी धरलं. एक हात, दोन हात, स्वच्छ. तिसऱ्या हाताशी माझं बोट थांबलं. दोन धागे एकत्र आले होते आणि बाजूला फट पडली होती.

मी टोपी न घालता निघालो. भर उन्हात सायकल हाणत वस्तीत पोचलो आणि घरात शिरलो तो विचारतच, "भागीरथी, झटका कधी आला? मला कळवलं का नाहीस? गोळी बंद केलीस?"

ती मागावर होती. धोटा थांबला. कोपऱ्यात सखुबाई बसलेली. तिची दृष्टी तोवर पार गेली होती. तिनं हात पुढे केला. मी उपरणं तिच्या हातात दिलं. तिची बोटं काठापासून काठापर्यंत फिरली, थांबली, परत फिरली.

"डाक्तर, इतके वर्सं पाहून काय शिकले तुमी? विनताना चुकलं तं रेघ या काठापासून त्या काठापर्यंत जाते. हे मधातच बोटभर हाय. बाकी धागा सरळ. हे इथं विनल्यावर झालं. कशात अडकवलं होतं?"

मी खिशाकडे हात नेला. घड्याळाची साखळी. दवाखान्यातून घरी जाताना मी उपरणं मोठ्या मानानं त्याच खिशावर घातलं होतं.

भागीरथी मागावरून उठून आली. तिनं त्या फटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घामानं थबथबलेला, उघड्या डोक्याचा, धापा टाकत असलेला मी.

"कपड्याले काही झालं नाही जी," ती म्हणाली. "झटका तुमालेच आला."

म्हातारी हसून हसून खोकायला लागली. भागीरथीनं नखानं धागे सरकवून ती फट मिटवायला घेतली. मी म्हटलं, राहू दे.

ते उपरणं मी आजही सणासुदीला घालतो. फटीची बाजू वर येईल अशी घडी करतो. कुणी म्हणतं, "डॉक्टर, कपडा जरा विरलाय इथे," तर मी त्याला बसवून घेतो आणि बोट ठेवून दाखवतो, की हे पाहा, हे काठापर्यंत गेलेलं नाही.